सरकलेला खड्डा

मला लोक संशयी म्हणतात. म्हणोत. सगळी नोकरी इंजिनीअरिंग कॉलेजात काढलेल्या बाईनं संशय घ्यायचा नाही, तर काय हळदीकुंकू वाटत बसायचं? माझ्या विद्यार्थ्यानं, श्रीहरीनं, आजी आजारी म्हणून रजा मागितली तेव्हा मी सरळ दवाखान्यात फोन लावला होता. आजी खरंच आजारी निघाली. पण विचारण्यात काय गैर होतं?

त्यामुळे भर दुपारी शहरातच, गोकुलममधल्या औषधांच्या दुकानात प्रद्युम्न दिसला, तेव्हा मी स्कूटर थांबवलीच. तो माझ्याकडे पीएचडी करतो आणि त्या वेळी तो सोसले गावी असायला हवा होता. कुवेंपुनगरातल्या आमच्या लॅबपासून सोसलेच्या मठामागच्या खोलीपर्यंत चाळीस किलोमीटरची फायबर लाइन आम्हाला चाचणीसाठी मिळाली होती. लांबच्या गावांना शहरातल्या एकाच केंद्रातून वेगवान इंटरनेट देता येईल का, ते पाहायचं होतं. प्रत्येक मोजणी स्वतः सोसलेला बसून घ्यायची, असा माझा हुकूम होता.

"आजही सोसलेलाच होतो, मॅडम," संध्याकाळी तो मान खाली घालून म्हणाला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा सोसलेला जातच नाही! लॅबमधल्या वीस किलोमीटर फायबरच्या रिळावर आकडे काढतो आणि चाळीसच्या नावावर खपवतो. शोधनिबंध दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता आणि त्यावर माझंही नाव होतं. खोटा निघाला तर त्याची पीएचडी जाणार आणि माझी अब्रूही.

मी यंत्रातल्या कच्च्या मोजण्या मागितल्या. त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आमच्या पद्धतीत सगळी माहिती एकाच लहरीवर लादत नाहीत. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या शेकडो लहरींवर ती थोडी थोडी वाटतात. लांबच्या प्रवासात यातल्या काही लहरी पार दुबळ्या होतात आणि आलेखात तिथं खड्डा पडतो. दुबळ्यांवर ओझं कमी टाकायचं, हीच तर आमची युक्ती. पण खड्डा कुठं पडणार हे ठरतं फायबरच्या लांबीवर. लांबी वाढली की तो खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. माणूस खोटं बोलेल, खड्डा बोलत नाही. वीसच्या रिळाचा खड्डा बराच वर असणार होता.

आलेख उघडला. चाळीसच्या जागी खड्डा नव्हता. सापडला चोर! पण खड्डा वर नव्हताच, खाली होता. मी पुन्हा गणित केलं. ऐंशी किलोमीटर.

"हे ऐंशी कुठून आले?" मी विचारलं.

"मठातले व्यासराज तिकडं दोन फायबरची तोंडं जोडून देतात, मॅडम. एकातून प्रकाश जातो, दुसऱ्यातून परत येतो. मी सकाळी तुम्ही यायच्या आत इथंच यंत्र लावून जातो. ते मोजत राहतं."

"म्हणजे हा वेग ऐंशीला मिळाला? आणि तू चाळीस लिहिलंस? अरे, चाळीस कुणीही करतं! स्वतःचं एवढं चांगलं काम कुणी लपवतं का?"

"ऐंशी लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, सोसलेला गेलाच नाहीस का, म्हणून." "अम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दर दोन तासांनी थेंब घालायचे. घरात दुसरं कुणी इल्ला. मी तिकडं बसलो तर कोण घालणार, हेळि, सांगा ना मॅडम?"

"मग मला सांगायचं ना!"

त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं श्रीहरी बसतो, तो आजीवाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या भीतीपोटी हा मुलगा आपलं अर्धं यश मातीत घालायला निघाला होता. मी निबंधात चाळीसचे ऐंशी केले. मग काहीतरी मायेचं बोलावं म्हणून, आणि मलाही मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय म्हणून, शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "अम्माचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं रे?"

प्रद्युम्ननं मुकाट्यानं खिशातून मोबाइल काढला.

"नंबर लिहून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "शून्य, आठ, दोन, एक..."