मोठ्या खिंडीचं बुकिंग

शेलार गावात प्रितेशला सगळे शेठ म्हणत. त्यासाठी त्यानं स्वतः काहीच केलं नव्हतं. वडिलांनी भाताची जमीन गोडाऊनवाल्यांना भाड्यानं दिली आणि मुलाला आयता शेठ करून ते देवाघरी गेले. तेव्हापासून भाडं गोळा करणं, हळदीला पुढच्या खुर्चीत बसणं आणि नाक्यावरच्या टपरीवर जायलाही बुलेट काढणं, एवढाच त्याचा उद्योग. पोट सुटलं होतं, पण आमच्याकडे पोट सुटलं की माणसाचं बरं चाललंय असंच धरतात.

हिमालयात जायची हौस त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, मृणालीची. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. कल्याणचे डॉक्टर झाले, ठाण्याचे झाले, आक्काचे म्हणजे सासूबाईंचे वज्रेश्वरीला नवस झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद केल्या आणि रोज चालायला सांगितलं. मूल काही झालं नाही, पण मृणालीला चालण्याची गोडी लागली. एक दिवस ती म्हणाली, "मला एकदा बर्फात चालायचंय." इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. प्रितेशला बरं वाटलं, आणि तो तिला घेऊन शहरात धामणकर नाक्यावर शादाबकडे गेला.

शादाब त्याचा शाळेतला दोस्त. घरचे कापडाचे लूम भावांवर सोडून त्यानं उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केला होता आणि आता दोन हजार आठ साली कापडाच्या दुकानावरच्या खोलीत बसून तो लोकांना हिमालयात नेत होता. त्यानं दोघांपुढे फोटो मांडले. एक ट्रिप सोपी होती, कुरणांतून आणि गावांतून जाणारी, सामान खेचरांवर. दुसरी मोठ्या खिंडीची, बर्फातून, पाठीवर स्वतःची सॅक.

"जिने चढतोस का रे?" शादाबनं विचारलं. "गुडघे? दम लागतो?"

"रोज चालतो मी," प्रितेश म्हणाला. मृणालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तरी माझं ऐक. पहिल्या वेळेला सोपी घे. भाभींना मोठी जमेल बहुतेक, पण दोघं मिळून जायचं तर सोपी."

सोप्या ट्रिपच्या फोटोत एक आजोबा छत्री घेऊन उभे होते. शेलारचा शेठ आणि छत्रीवाले आजोबा! प्रितेशनं मोठ्या खिंडीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ठीक है," शादाब म्हणाला. "पण माझा एक नियम आहे. आधी रविवारी माझ्यासोबत गुमतारा किल्ला चढायचा, सॅक घेऊन. मग बुकिंग. दोस्त असला तरी."

ही गोष्ट प्रितेशनं गप्प राहून पोटात ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच संध्याकाळी त्यानं ती गावच्या नाक्यावर बसणाऱ्या दौलतला सांगितली, आणि दौलतला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी नाक्यावर बॅनर लागतो, आणि हा तर हिमालय! दोन दिवसांत भलामोठा बॅनर लागला. काळा गॉगल, कानाला मोबाईल, मागे पांढरे डोंगर आणि वर अक्षरं: 'हिमालय सर करण्यास निघालेले आमचे लाडके प्रितेशशेठ यांना हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांचे मुखडे. मृणालीचं त्यात नावसुद्धा नव्हतं. तिनं जाता येता तो पाहिला.

रविवारी गुमताऱ्याच्या पहिल्याच चढावर शेठचे पाय थरथरायला लागले. दुसऱ्या चढावर सकाळचे पोहे बाहेर आले. शादाबनं त्याला करवंदीच्या जाळीशी सावलीत बसवलं, त्याची नाडी पाहिली आणि सॅक काढून घेतली. मृणालीही थांबायला लागली, तर प्रितेशच हातानं 'जा' म्हणाला, कारण बोलायला दम नव्हता. ती शादाबच्या सोबत आलेल्या मदतनिसाबरोबर वर गेली. उतरली तेव्हा तोंड लालबुंद आणि दोन्ही हात ओरबाडलेले. ती हसत होती. असं हसताना प्रितेशनं तिला कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. त्याला तिचं कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"भाभी मोठ्या खिंडीला पास," शादाब म्हणाला. "तू सोपीला ये. त्या ट्रिपला मी स्वतः असतो. यात शरम कसली यार?"

परतताना गाडीत मृणाली म्हणाली, "आपण दोघं सोपीलाच जाऊ. मला चालेल, खरंच."

प्रितेश काहीच बोलला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गावचा नाका होता, बॅनरसकट.

आणि नाक्यावर दौलत होताच. "काय शेठ, कंदी निघायचं? पोरांना ढोल सांगून ठेवलाय."

"कॅन्सल झालं," प्रितेशच्या तोंडून निघालं.

"का वो?"

"हिची तब्येत ठीक न्हाय."

"काय झालं वहिनीला?"

"अरं, बायकांचं असतंय काय काय," प्रितेश म्हणाला आणि बुलेटला किक मारली. दौलत मागे गालातल्या गालात का हसला, हे बघायला तो थांबला नाही. आपण सुटलो, एवढंच त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला तर ओटीवर चपलांचा ढीग. आत दौलतची आई रंगूबाई, पुतळाबाई, आळीतल्या आणखी चार जणी. कुणी चिंचा आणल्या होत्या, कुणी कैरीचं लोणचं. मधोमध पाटावर मृणाली बसली होती आणि आक्का मीठ-मिरच्यांची मूठ घेऊन तिची दृष्ट काढत होती. आक्काचे डोळे गळत होते आणि ती हसतही होती.

"बग रं, आईनं ऐकलं!" ती लेकाला म्हणाली. "वज्रेश्वरीला उद्याच जायाचं. आन् तू मना सांगितलं पन न्हाय? दौलतला सांगतोस, मना न्हाय?"

प्रितेश चपलांसकट उंबऱ्यातच उभा राहिला. 

मृणालीनं वर पाहिलं. बायका कशाला आल्यात हे तिला कळून चुकलं होतं, पण ही बातमी निघाली कुठून, ते आत्ता कळलं. ती रागावली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं अजूनही तोंड शिवून घेतलं असतं तर तिनं ते निभावूनही नेलं असतं. चार आठवड्यांनी 'राहिलं नाही' म्हणून सांगितलं असतं, आणि सगळ्यांनी तिलाच हळहळून बोल लावला असता. हे त्याला लख्ख दिसलं, आणि आपण क्षणभर त्या वाटेकडे पाहिलं याची त्याला किळस आली.

"आक्का," तो म्हणाला, "तसं काय न्हाय. हिला काय झालं न्हाय. मना डोंगर चढवला न्हाय. ओकलो मी. लाज वाटली म्हून खोटं बोललो."

एक बाई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. आक्काची मूठ तशीच हवेत राहिली, मग तिच्यातलं मीठ फरशीवर सांडलं. रंगूबाईला अजून उमजलं नव्हतं. तिनं प्रितेशकडे बघितलंच नाही, मृणालीलाच विचारलं, "म्हंजे पोरी, दिवस न्हाय गेलं तुला?"

"न्हाय, मावशी," मृणाली म्हणाली.

तिचा आवाज नीट होता, आणि तेच प्रितेशला ऐकवेना. आपलं हसं होईल म्हणून तो इतका भ्याला होता आणि कबुली दिल्यावर वाटलं होतं की हिशेब मिटला. पण हसं एका बाईच्या फिसकन हसण्यात संपलं. आळीपुढे ते दोन शब्द बोलायची पाळी मात्र मृणालीवर आली.

बायका एकेक करून उठल्या. चिंचा परत कशा न्याव्यात हे कुणाला कळेना, म्हणून त्या तिथेच राहिल्या. आक्का आतल्या खोलीत गेली.

मृणालीनं झाडू घेतला आणि मीठ गोळा करायला लागली. प्रितेश तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आपण सोपीला जाऊ," तो म्हणाला. "दोघं. उद्याच शादाबकडे जाऊ. बॅनर मी आजच उतरवतो."

"मी म्हटलं होतं तेव्हा तुम्ही गप्प बसलात," मृणाली म्हणाली. "आता मी मोठ्या खिंडीला जाणार. एकटी. बुकिंग तुम्ही करा, किंवा मी करते."

"मी करतो."

"बरं." तिनं मीठ सुपलीत भरलं. आतून आक्काच्या रडण्याचा आवाज येत होता. "आधी त्यांच्याकडे जा."

"मी काय सांगू तिला?"

"जे आळीपुढे मला सांगायला लावलंत, ते," मृणाली म्हणाली, आणि सुपली घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली.