दिवे लागायच्या आत घरी

जगदेवच्या पत्राला तीन महिने झाले, पंजाबराव गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. 'गुरुजी, सप्रेम जयभीम. अंजना कशी चालते, तेवढं कळवा. सकाळी मणक्याचं ऑपरेशन करून संध्याकाळी घरी पाठवलेली ती माझी पहिली पेशंट. इथले मोठे डॉक्टर मला वेड्यात काढतात. ती बरी असेल तरच पुढच्यांना हात लावीन.'

धनजचा जगदेव गुरुजींच्याच शाळेत पाढे शिकला होता. आता, शहात्तर साली, अमरावतीत सर्जन होता. उन्हाळ्यात त्यानं गुरुजींच्या सुनेच्या मणक्यातली सरकलेली गादी बोटभर चिरेतून काढली. घरी निघताना त्यानं गुरुजींकडे एक चिठ्ठी दिली. दीड महिना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. घरात सगळ्यांना वाचून दाखवा, म्हणाला.

जीप गुरुजींच्या गावी, कामरगावात थांबली. अंजना आपल्या पायांनी उतरली, तशा ओट्यावरच्या बाया हसल्या. त्यांच्या लेखी ऑपरेशन म्हणजे पंधरा दिवस खाट आणि भेटायला येणाऱ्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी. गुरुजींची बायको विमलबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "सकाई गेली न् दिवे लागाच्या आंदी वापस. सुई टोचली असन. अन् आमचे मास्तर ऑपरेशन म्हनून राह्यले."

गुरुजींचा हात खिशातल्या चिठ्ठीवर होता. तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनानं विहिरीवरून पाण्याचा जड पितळी गुंड आणला.

नवव्या दिवशी तिचा डावा पाय बधिर झाला. चालता चालता चप्पल मागं राहायची आणि तिला कळायचंही नाही. गुरुजी पुस्तक उघडून बसत, पण कान त्या फरपटीकडे. खरं लिहावं तर जगदेव हे काम सोडून देईल, किंवा चिठ्ठीचं विचारील. खोटं लिहायला हात धजेना.

कापूस वेचणीत शेलूबाजारचा किसनसिंग विचारपूस करायला आला. त्याच्या बायकोचं, भुरीबाईचं, मंगळवारी तेच ऑपरेशन होतं. "डॉक्टर म्हनत होते, गुरुजीचं पत्र नाई म्हंजे सून बरी असन. मंगळवारी ऑपरेशन, बुधवारी बायको कापूस वेचाले जाईन."

 गुरुजींनी किसनसिंगला चहा पाजून वाटेला लावलं. तो गेल्यावर मात्र त्यांनी घामानं पुसट झालेली चिठ्ठी काढली आणि घरात मोठ्यानं वाचली.  विमलबाई खाली बसली. तिनं विचारलं, "आंदी काहून नाई वाचली?"

 त्यांनी लिहायला घेतलं. जगदेव, तुझा हात चुकला नाही, चूक माझी; चिठ्ठी मी घरात वाचलीच नव्हती. तू चिठ्ठी देतोस, पण सायंकाळी परतलेल्या बाईला इथं कोणी आजारी मानत नाही. भुरीबाईच्या घरच्यांना समोर बसवून तूच सांग, माझ्यासारख्यावर सोडू नकोस. सोमवारी अंजनाला घेऊन येतो. तिच्या बधिर पायात जाण परत येईल का, ते तेव्हाच सांग. आत्ता विचारायला भीती वाटते.

अंजना दारापर्यंत आली. "मामाजी, सारंच लिवलं काय?"

"सारंच."

डाकेची थैली बांधायच्या आत पोचायचं म्हणून ते म्हातारपणी धावले. पोस्टाच्या डब्याच्या तोंडाशी हात पुन्हा अडखळला. मागं रस्त्यावर फरपट ऐकू आल्यासारखी वाटली. त्यांनी पत्र सोडलं.