डावा कान

शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून थोरलीने त्यांच्यात कापडाची पट्टी खोचली आणि पियानोचा सगळ्यात वरचा सूर वाजवला. तेवढ्यात धाकटी दुकानात आली आणि पियानोला वळसा घालून नेहमीसारखी तिच्या उजवीकडे उभी राहिली.

“ताई, नाट्यगृहाचा फोन होता. त्यांच्या पियानोचे सूर लावायचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी देतायत.”

“का? इतकी वर्षं आपल्याच हातात आहे तो!”

“हे वाचलं त्यांनी.” धाकटीने मोबाइल पुढे केला. सोशल मीडियावर कुणीतरी टाकलेला नाट्यगृहातल्या त्या पियानोचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: ‘माझी एक मैत्रीण या पियानोचे सूर लावते. तिचा डावा कान पार गेलाय, उजवाही चाललाय. वरचे सूर आता मनगटाला कळतात, कानाला नाही, म्हणते ती. तिच्यासाठी एक बदाम द्या.’

चार हजार लाल बदाम पडले होते. द्यायला लोकांचं काय जातंय!

थोरली स्टुलावर बसली. मनगटाचं ते वाक्य तिचंच होतं. फोटोही तिनेच काढलेला. दोन्ही तिने एकाच ठिकाणी टाकलं होतं, सूर लावणाऱ्या आठ बायकांच्या छोट्याशा वेबसाइटवर. तिथे कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, प्रत्येकीला टोपणनाव. अंगठे नाहीत, बदाम नाहीत. एखादीचं लिहिणं मनाला लागलं तर निदान दोन ओळी लिहायच्या. हा नियम खुंटी नावाच्या बाईने घातला होता. आई गेली तेव्हा याच खुंटीने महिनाभर रोज दोन ओळी लिहिल्या होत्या. सख्खी बहीण काय करील!

तिला मैत्रीण म्हणणारी तिथे तीच एक. थोरलीने कॉम्प्युटर उघडला. “खुंटी, हे तू केलंस?”

उत्तर लगेच आलं. “अगं, तुझं नाव कुठे घातलंय मी? इतकं सुंदर लिहिलं होतंस, ते आठ जणींतच राहू द्यायचं का? बघ तरी, लोक किती हळहळतायत!”

थोरलीने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी कॉम्प्युटरच बंद केला.

“केसाने गळा कापला गं हिने,” ती म्हणाली. “पोटातलं सांगितलं होतं तिला. आणि तिने ते चव्हाट्यावर मांडलं.”

धाकटी हत्यारं पिशवीत भरत होती.

“कधी सांगितलं होतंस?”

“डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी. दोन वर्षं झाली. कुणाला तरी सांगायला हवं होतं ना!”

धाकटीचा हात थांबला.

“त्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले. कानात नुसता मळ आहे म्हणालीस.”

“तुझ्या जिवाला घोर नको म्हणून...”

“तेव्हापासून मी उजवीकडे येऊन बोलते, ताई. आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट बघत होते. वेडीच मी!”

खुंटीला सुनवायला थोरलीने जे जे जुळवून ठेवलं होतं, ते सगळं आता धाकटीच्याच तोंडी शोभलं असतं.

धाकटीने पिशवी खांद्याला लावली. या वेळी तिने वळसा घातला नाही. थोरलीच्या डावीकडून जाता जाता, मान न वळवता, ती काहीतरी पुटपुटली. फार नव्हतं, दोन ओळी असतील. मग दार लागलं.

थोरलीला त्यातला एक शब्दही कळला नाही, आणि मागे धावून ‘पुन्हा सांग’ म्हणायला तिला तोंड उरलं नव्हतं.