शेंगदाण्यांचा श

शेवटचा स्क्रू काही केल्या फिरेना. राजीव टिपणीस ओल्या गवतात गुडघे टेकून बसला होता. बेसिंगस्टोकहून खास आणलेला स्क्रूड्रायव्हर पितळी पाटीवरून तिसऱ्यांदा घसरला. पाच वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने स्क्रू आणि पाटी एकजीव झाले होते. बाई कबर बघायला दहाच्या बोटीने येणार, तोवर पाटी गाडीच्या डिकीत, असा त्याचा हिशोब. पण बाई आदल्या दिवशीच बेटावर येऊन राहिल्या होत्या. चर्चचं फाटक करकरलं, तसा त्याने स्क्रूड्रायव्हर कोटाच्या खिशात कोंबला.

चर्चमागे, समुद्राकडच्या भिंतीलगत, युद्धातल्या खलाशांच्या सहा कबरी होत्या. एकेचाळीस साली जहाज बुडालं, प्रेतं या बेटाला लागली, आणि इथल्या लोकांनी ती आपल्या माणसांशेजारी पुरली. सहाव्या पांढऱ्या दगडावर इंग्रजीत नुसतं 'एस. ई. पेणकर' होतं. पाच वर्षांपूर्वी सुट्टीवर आलेल्या राजीवला ते दिसलं आणि त्याचा ऊर भरून आला. आडनावात 'कर' म्हणजे आपलाच. पण नुसत्या आद्याक्षरांनी बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळातल्या लोकांचे डोळे कसे पाणावणार? त्याने त्याच संध्याकाळी एसचा शंकर केला, ईचा एकनाथ केला आणि मराठीत पाटी करून घेतली. कोणी काही विचारलं नाही. अनावरणाला मंडळी फेटे बांधून आली, नारळ फुटला, दिवाळी अंकात फोटो आला.

मग तीन आठवड्यांपूर्वी, मंडळाकडून त्याचा नंबर मिळवून, क्रॉयडनहून फोन आला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एलिशेबाबाई, मुंबईच्या मराठी ज्यू घरातल्या. आपल्या मामाची कबर शोधत होत्या. सॅमसन एलायजा पेणकर. तेव्हाच खरं सांगून टाकायचं, तर राजीव म्हणाला, मी स्वतः येतो दाखवायला.

आता त्या काठी टेकत येत होत्या. आधी पांढऱ्या दगडापाशी थांबल्या, त्यावरून हात फिरवला. हा मामा त्यांच्या जन्माआधीच गेलेला. पण आई मरेपर्यंत एकच म्हणायची, त्या म्हणाल्या, की त्याचं अख्खं नाव कुठेतरी लिहिलेलं असू दे. मग त्यांना शेजारची पाटी दिसली.

"हे मराठीत आहे ना? मला बोलता येतं, पण रीडिंग नाही येत. वाचून दाखवता?"

सुटलो, असं राजीवला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पण तोवर तोंड उघडलं होतं.

"सॅमसन एलायजा पेणकर," त्याने वाचलं.

बाईंनी डोळे पुसले. काठी त्याच्या हातात दिली, वाकल्या आणि बोटाने एकेक अक्षर चाचपू लागल्या. आई किचनमधल्या डब्यांवर मराठीत नावं लिहायची, त्यातली दोनचार अक्षरं तेवढी येतात, असं म्हणत होत्या. पेणकरचा प पोह्यांचा, तो त्यांना लगेच सापडला. मग बोट ओळीच्या सुरुवातीला आलं आणि तिथेच राहिलं.

"हा तर शेंगदाण्यांचा श आहे. सॅमसनला साखरेचा लागतो ना?"

कोरणाऱ्याची चूक, हे वाक्य राजीवच्या जिभेवर तयार होतं. खिशातला स्क्रूड्रायव्हर बरगडीला टोचत होता.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "लिहिलंय ते."

"शंकर एकनाथ पेणकर." कान तापल्याचं त्याला कळत होतं. "मला नाव माहीत नव्हतं, मावशी. मीच ठरवलं. आडनावावरून वाटलं, आपलाच असणार."

"आपलाच होता की."

त्या एवढंच म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान त्याला माफी मागायला जागा मिळाली असती. त्यांचं बोट पाटीवरून खाली सरकलं.

"आणि ही शेवटची लाइन? हिची अक्षरं सगळ्यांत मोठी आहेत."

"ते असू द्या."

"वाचा."

त्याला पाटीकडे बघायची गरज नव्हती. तरी त्याने बघितलं.

"संशोधन," त्याने वाचलं, "राजीव मधुकर टिपणीस."

"मधुकर म्हणजे वडील?"

"हो."

"अख्खं नाव आहे," एलिशेबाबाई म्हणाल्या, आणि ज्यू लोक कबरीवर ठेवतात तसा, पिशवीतून आणलेला खडा त्यांनी पांढऱ्या दगडावर ठेवला.