लांबट दाणा

संभाजीने काचेच्या तुकड्यावर पाकाचा थेंब बोटाने पसरला आणि काच दिव्यासमोर धरली. डोळे पुसून पुन्हा धरली. दाणा लांबट होता.

साखरेचा दाणा कसा चारी अंगांनी भरलेला हवा. हा तांदळाच्या दाण्यासारखा एकाच बाजूने ताणत चालला होता. साखर कारखान्यात एकवीस हंगाम पॅनवर, म्हणजे पाकाच्या बंद कढईवर, पाक शिजवणाऱ्या माणसाला हे म्हणजे घासात खडा. त्यात आज साडेतीनला सुटायचं होतं. सुटायचं की नाही, हेच खरं तर त्याचं ठरत नव्हतं.

शाळेतल्या तपासणीत त्याच्या तेरा वर्षांच्या श्रेयाची पाठ वाकडी निघाली होती. उजवा खांदा वर, डावा खाली. पोरगी वाढतेय तोवरच पाठीला बांधायच्या पट्ट्याने आवरेल, वाढ थांबली की फारसं काही हातात राहणार नाही, असं तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, कौसल्येला, बजावलं होतं. हाडांचे डॉक्टर बारामतीला फक्त गुरुवारी येत. दोन गुरुवार संभाजीने टाळले. मोबाइलवर वाकून बसायची खोड आहे ती, दुसरं काही नाही, हे त्याचं निदान. शिवाय दवाखान्यात कुणी पाहिलं तर उद्या सोयरीक जुळवताना काटेवाडीत तोंडं उघडतील, ही धास्ती. इलाजही त्याचाच. पोरगी दिसली की 'ताठ'. जेवताना ताठ, अंगणात ताठ. काल सकाळी तर त्याने तिच्या पाठीत एक रट्टा घातला होता.

दुपारी कौसल्येचा फोन आला होता. आज तिसरा गुरुवार, तुम्ही आला नाहीत तर आम्ही दोघी एसटीने जातो, म्हणाली. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, असं सांगून त्याने फोन ठेवला होता. तेव्हापासून त्याचं घड्याळाकडे लक्ष होतं.

जिना चढून केमिस्ट इंद्रजित आला. वयाने निम्मा, पण काच हातात घेताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाकात बारीक साखरेचं बी टाकताना हात चुकला का, संभाजीराव?"

संभाजीला झोंबलं. "हात न्हाय चुकला, साहेब. दोन दिस मिल बंद हुती, ऊस उन्हात पडून शिळा झाला. तसल्या रसात चिकट काय तरी तयार हुतं. ते दाण्याच्या एका अंगाला धरून बसतं, तिकडं वाढू देत न्हाय. मग तो दुसऱ्या अंगानं लांबतो."

इंद्रजितला हे पुस्तकातून ठाऊक असावं, पण वरच्या साहेबांना उत्तर त्याला द्यायचं होतं. वाफ वाढवून, जरा जोर लावून दाणा आकारात येतो का बघा, म्हणाला.

"जोर लावून काय हुणार?" संभाजीचा आवाज चढला. "दाण्याची खोड न्हाय ती. त्याला जसं वाढू दिलं तसा वाढला. आता चांगला रस घ्यायचा आन् हळू शिजवायचं. वाढतोय तवरच काय तरी करता येतं. एकदा वाढ थांबली की..."

इंद्रजितने दोनदा विचारलं, 'की काय?' संभाजीने काच पुसली, खिशात घातली, आणि दुसऱ्या पॅनवरच्या दत्तोबाला हाक मारून रस कधी आणि किती घ्यायचा ते समजावलं. सव्वातीन वाजले होते. त्याने गाडीला किक मारली.

काटेवाडीत तो अंगणात शिरला तेव्हा श्रेया ओट्यावर होती. मोबाइल नव्हता हातात, चपलेचा पट्टा लावायला वाकली होती. गाडीचा आवाज ऐकताच ती ताडकन उभी राहिली. मान ताठ, मुठी आवळलेल्या, उजवा खांदा बळेच खाली ओढलेला. तिने श्वास धरून ठेवला होता.

"सोड," संभाजी म्हणाला.

तिला कळेना. ती आणखीच ताठली.

"श्वास सोड, बाळा. बारामतीला जायचंय. हाय तशी बस."

श्रेयाने आईकडे पाहिलं. कौसल्या दाराला कुलूप घालत होती, तिच्या हातातली किल्ली थांबली. पोरीचा खांदा हळूहळू वर, आपल्या जागी गेला.

मायलेकी मागे बसल्या. थोडं अंतर गेल्यावर श्रेया दमून त्याच्या पाठीवर रेलली. तिचा एकच खांदा त्याला टेकला. दुसऱ्या खांद्याची जागा बारामतीपर्यंत त्याला मोकळी लागत राहिली.