‘बाबा’ शब्दाचे कार्ड

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. तळहाताएवढे, पिवळे पडलेले. शब्दकोशाच्या कचेरीतल्या लाकडी खणात ‘बाप’ आणि ‘बाभूळ’ यांच्यामध्ये मी दाटीवाटीने राहत असे. माझा शब्द ‘बाबा’.

माझ्या कोशकारांनी माझ्यावर टाकाने लिहिले होते : मराठीसारखेच तुर्कीत आणि स्वाहिलीतही बाबा म्हणजे वडील, जपानीत मात्र म्हातारी बाई. एकमेकींशी नाते ना गोते अशा या भाषा! मग शब्द एकच कसा? जाणकार म्हणतात, तान्ह्या बाळाचे ओठ मिटून उघडले की असाच आवाज निघतो, आणि ज्याला त्याला वाटते, मलाच हाक मारली.

कार्डावर शेवटी एक उदाहरण लागे, तेही कुणाच्या तरी तोंडून ऐकलेले. मनाने रचलेले चालत नसे. माझी ती ओळ कोरीच होती.

कोशकारांची सहा वर्षांची चिमी शाळा सुटली की कचेरीत येई आणि टेबलाखाली बसून चित्रे काढी. एके दुपारी तिने त्यांची बाही ओढली.

“बाबा, माझ्याकडे बघा ना एकदा!”

कोशकारांचे डोळे चमकले. त्यांनी घाईघाईने मला ओढले, वाक्य जसेच्या तसे उतरवले, खाली तारीख घातली. चिमीकडे बघायचे राहूनच गेले. हातात चित्र धरून ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.

“वा! उदाहरण असावं तर असं!” संपादक म्हणाले. मी फुशारून गेले. आज त्याची लाज वाटते.

त्याच महिन्यात चिमी तापाने गेली. चित्र पुढे सापडलेच नाही.

त्यानंतर कोशकार रोज मला काढून त्या ओळीवरून बोट फिरवत. शाई पुसट झाली. पुढचे शब्द रखडले.

वर्षे गेली, संगणक आले. नव्या संपादकबाई म्हणाल्या, “काका, जागा नाही. उदाहरणं गाळतोय.”

“सगळी गाळा हो. एवढं एक राहू द्या.”

“एक ठेवलं तर सगळीच ठेवावी लागतील.”

त्यामागचे कारण बाईंना ठाऊक नव्हते, आणि कोशकारांच्या तोंडून ते निघाले नाही. कोश छापून आला. त्यात माझे सगळे अर्थ आहेत, चिमी नाही. त्या दिवशी कोशकारांनी मला खिशात घालून घरी आणले.

मित्रांनो, कार्ड काय, नंतरही लिहिता येते. कुणी ‘बघा ना’ म्हणाले, तर हातातले ठेवून आधी मान वर करा. माझ्या कोशकारांना आता दिसत नाही. तरी रोज मला डोळ्यांजवळ नेऊन ते म्हणतात, “दाखव गं बाळा, बघतोय मी.”