शब्दात खडा नव्हता

वॉर्डातल्या मावशीला इंग्रजी वाचता येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती तरी कुठे सांगत बसली होती! नर्सिंग शिकणाऱ्या लेकीने दोन महिन्यांपासून तिला हा नाद लावला होता. "आई, लांबलचक शब्दाला भिऊ नकोस, त्याचे तुकडे कर. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, लिथो म्हणजे दगड, टमी म्हणजे चिरणं. एक्टमी म्हणजे मात्र कापून काढूनच टाकणं. अडलंच तर आजूबाजूचं वाच." मावशी भाजीबरोबर शब्दही चिरायची.

त्या सकाळी ती एका तरुण शिंप्याला स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेत होती. गडी बोलका. "मुतखडा आहे हो मावशी. बारीकसं भोक पाडून काढणार. आठवड्यात मशीनवर बसतो की नाही बघा!"

लिफ्ट येईना. मावशीची नजर त्याच्या पायाशी ठेवलेल्या फाइलवर गेली. नेफ्र… एक्टमी. तिने पुन्हा तुकडे केले. लिथो कुठेच नव्हतं. शब्दात खडाच नव्हता!

आपलंच चुकत असेल. एवढी शिकलेली माणसं लिहितात, आपण कोण लागून गेलो? तिने आजूबाजूचं वाचलं. नाव शिंप्याचंच, पण वय एकसष्ट. शिंप्याच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता.

लिफ्ट आली, वर गेली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टर खेकसली, "किती उशीर! घ्या आत."

मावशीने पायाने स्ट्रेचरचा ब्रेक दाबला.

"सिस्टर, यात मूत्रपिंड काढायचं लिहिलंय. यांचा नुसता खडा आहे."

"आता तुम्ही आम्हाला शिकवणार?"

"काय काढायचंय?" शिंपी ताडकन उठून बसला.

"मला कामावरून काढा, पण आधी यांच्या मनगटावरची नंबराची पट्टी बघा," मावशी म्हणाली. पाय ब्रेकवरून हलला नाही.

सिस्टरने वैतागून पट्टीवरचा नंबर फाइलशी ताडून पाहिला. मग पुन्हा पाहिला. आणि ती फोनकडे धावली. त्याच नावाचे एक आजोबा वरच्या मजल्यावर होते. त्यांच्या उशाशी शिंप्याची फाइल निघाली.

दुपारी शिंप्याचा खडा तेवढा निघाला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मावशीपुढे हात जोडले. ती कशीबशी हसली, जिन्यात जाऊन बसली आणि तिने लेकीला फोन लावला.

"आई, अगं तू माणूस वाचवलास! मग रडतेस कशाला?"

"नऊ वर्षं स्ट्रेचर ढकलतेय गं मी," मावशी म्हणाली. "तेव्हा कुठे वाचत होते?"